उसन्या कात्रीचा विषाणू

बडोद्याच्या सर सयाजीराव जनरल हॉस्पिटलातल्या एआरटी (विषाणूरोधक औषधोपचार) केंद्रात एचआयव्हीबाधितांना मोफत गोळ्या मिळतात. देशात ही सोय १ एप्रिल २००४ पासून सुरू झाली. पहिल्या गोळ्या लागू पडेनाशा झाल्या, की दुसऱ्या फळीत अटाझानाविर, लोपिनाविर अशी औषधे येतात. ती विषाणूला पेशीत शिरताना अडवत नाहीत; नव्याने तयार झालेला कण निकामी करतात. हे कसे साधते, ते कळायला विषाणूची बांधणी जवळून पाहावी लागते.

एचआयव्ही हा रेट्रोव्हायरस. आपल्या आरएनएची डीएनए प्रत काढून तो ती पेशीच्या गुणसूत्रात घुसवतो. मग पेशीच त्याची प्रथिने बनवू लागते. त्यातले कामाचे प्रथिन ‘गॅग’. त्याच्या एका टोकाची स्निग्धाम्लाची शेपटी पेशीपटलात आतून रुतते, तर दुसऱ्या टोकाजवळचा भाग विषाणूचा आरएनए धरून ठेवतो. सहा-सहा गॅगची कडी एकमेकांना जुळत जातात आणि पटलाला बाहेरच्या बाजूला फुगवटा येतो. कड्यांच्या मधोमध बसून त्यांना आधार देणारा रेणूही पेशीचाच: फायटिक आम्ल, जे धान्याच्या कोंड्यात भरपूर असते. एका कणाला सुमारे २,४०० गॅग लागतात. चमकणारे गॅग वापरून २००८ मध्ये शास्त्रज्ञांनी ही जुळणी जिवंत पेशीत पाहिली, तेव्हा ती काही मिनिटांतच आटोपत होती.

फुगवटा पुरा झाला तरी मान पेशीला चिकटलेलीच असते आणि ती तोडायला विषाणूकडे स्वतःची कात्री नाही. गॅगच्या टोकावर पीटीएपी ही चार अमिनो आम्लांची खूण असते. तिला पेशीतले टीएसजी-१०१ प्रथिन येऊन चिकटते आणि त्यामागून ‘एस्कर्ट’ ही यंत्रणा येते. एरवी पेशीविभाजनाच्या शेवटी दोन पेशी विलग करणारी हीच यंत्रणा. तिची प्रथिने मानेत वेटोळी घालतात आणि मोदकाचे तोंड चिमटीत मिटावे तशी मान मिटते. कण सुटतो.

सुटलेला कण मात्र कच्चा असतो. प्रोटिएज हे विषाणूचे विकर गॅगचे तुकडे करते. त्यातले सुमारे १,५०० कॅप्सिड रेणू शंकूसारखे कवच उभारतात. षटकोनांची ही जाळी बंद व्हायला बरोबर १२ पंचकोन लागतात. कवच नीट जमले तरच कण दुसऱ्या पेशीला बाधा करू शकतो. अटाझानाविर प्रोटिएजच्या खाचेत अडकून बसते. कण बाहेर पडतो, पण कच्चाच राहतो.

एस्कर्टच बंद पाडावी, असे कुणाच्याही मनात येईल. पण तिच्यावाचून आपल्याच पेशींचे अडेल. म्हणून घाव घालायचा तो विषाणूच्या स्वतःच्या भागांवर. सहा महिन्यांतून एकदा टोचायचे लेनाकापाविर थेट कॅप्सिडला धरते. गिलियड कंपनीने २०२४ मध्ये ते बनवण्याचा परवाना ज्या सहा कंपन्यांना दिला, त्यांत पुण्याची एमक्युअर आहे.

औषधे नियमित घेऊन रक्तातला विषाणू चाचणीत दिसेनासा झाला आणि तसाच राहिला, तर लैंगिक संबंधातून तो जोडीदाराला जात नाही. सरकारी केंद्रांत तपासणी मोफत होते आणि गुप्त राखली जाते. शंका असेल तर १०९७ या क्रमांकावर विचारा. टाळाटाळ करू नका.