दोन नेमांमधील वाट

नेमबाजी म्हटली, की आपल्या डोळ्यांपुढे एक निश्चल आकृती उभी राहते. २०२४ साली पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळवले. त्या प्रकारात गुडघ्यावर बसून, पालथे झोपून आणि उभे राहून नेम धरावा लागतो. नेमबाजाचा पवित्रा बदलतो. परंतु तो आपली जागा सोडत नाही. नेमबाजीचा दुसरा एक प्रकार मात्र असा आहे, की त्यात जागा सोडल्यावाचून स्पर्धा पूर्णच होत नाही. त्यास ‘प्रॅक्टिकल शूटिंग’ असे म्हणतात.

या खेळाची आंतरराष्ट्रीय संघटना १९७६ साली अमेरिकेतील मिसुरी राज्यात, कोलंबिया येथे भरलेल्या परिषदेत स्थापन झाली. ‘आयपीएससी’ या नावाने ती ओळखली जाते. जेफ कूपर हे तिचे पहिले अध्यक्ष होते. अचूकता, सामर्थ्य आणि वेग अशा अर्थाचे तीन लॅटिन शब्द हे तिचे ब्रीद आहे. या तिन्ही गुणांचा तोल साधणे, हेच या खेळाचे मर्म होय.

स्पर्धेच्या मैदानावर आडोसे, भिंती आणि खिडक्या उभारलेल्या असतात. त्यांच्या पलीकडे कागदी व पोलादी लक्ष्ये मांडलेली असतात. सर्व लक्ष्ये एकाच ठिकाणाहून दिसत नाहीत. लांब फेरीत जास्तीत जास्त ३२ नेम साधायचे असतात आणि कोणत्याही एका जागेवरून ९ पेक्षा अधिक नेम घ्यावे लागू नयेत, असा आखणीचा नियम आहे. त्यामुळे ३२ नेमांच्या फेरीत स्पर्धकाला एकाहून अधिक जागा गाठाव्याच लागतात.

आता गुणांचे गणित पाहू. कागदी लक्ष्याच्या मधल्या भागात लागलेल्या गोळीला ५ गुण मिळतात. बाहेरच्या भागांना त्याहून कमी. नेम पूर्णपणे चुकला, तर ते ५ गुण मिळत नाहीतच, शिवाय १० गुण कापले जातात. मिळालेल्या एकूण गुणांना लागलेल्या सेकंदांनी भागले, की फेरीचा गुणांक निघतो. ३२ नेमांचे पूर्ण १६० गुण २० सेकंदांत मिळवणाऱ्याचा गुणांक ८ होईल. समजा, फेरीत पाच जागा आहेत. म्हणजे चार वेळा स्थलांतर आले. प्रत्येक स्थलांतरात केवळ अर्धा सेकंद वाचला, तर वेळ १८ सेकंदांवर येतो आणि गुणांक ८.८९ होतो. याउलट, तेच दोन सेकंद वाचवण्यासाठी कोणी घाईघाईने चाप ओढला आणि त्याचे दोन नेम चुकले, तर त्याचे गुण १३० वर घसरतील. १८ सेकंदांतही त्याचा गुणांक ७.२२ च राहील. वेळ दोघांनीही सारखाच वाचवला. एकाने तो पायांनी वाचवला, दुसऱ्याने तो नेमातून हिरावून घेतला.

पायांनी वेळ वाचवायचा म्हणजे केवळ जोरात धावायचे, असे नव्हे. दोन जागांमधील अंतर बहुधा काही पावलांचेच असते. खरा वेळ जातो तो निघताना आणि पोहोचताना. नवशिका शेवटची गोळी झाडतो, क्षणभर थांबतो, पिस्तूल खाली घेतो आणि मग पाऊल उचलतो. कसलेला स्पर्धक शेवटच्या नेमासाठी सोपे लक्ष्य राखून ठेवतो. तो नेम साधत असतानाच त्याच्या शरीराचा भार पुढील दिशेकडे झुकू लागतो. गोळी सुटताच तो मागच्या पायाने जमीन जोराने रेटतो आणि पहिलेच पाऊल लांब टाकतो.

वाटेत पिस्तूल छातीजवळ राहते, म्हणजे धावणे सोपे होते. आवश्यक असल्यास काडतुसांची नवी मॅगझीन याच वेळी भरली जाते. येथे सुरक्षेचा नियम अत्यंत कठोर आहे. शरीर कोणत्याही दिशेला धावो, पिस्तुलाची नळी समोरच्या मातीच्या बांधाकडेच रोखलेली असली पाहिजे आणि बोट चापापासून दूर असले पाहिजे. नळी ठरलेल्या मर्यादेबाहेर वळली, तर पंच स्पर्धकाला थांबवतात आणि तो संपूर्ण स्पर्धेतून बाद होतो. तेथे नावलौकिक पाहिला जात नाही. कारण प्रश्न पदकाचा नसून माणसाच्या जिवाचा असतो.

नवी जागा जवळ येताच पावले आखूड होतात, गुडघे वाकतात आणि शरीर थोडे खाली येते. पाय स्थिरावण्यापूर्वीच पिस्तूल डोळ्यांच्या रेषेत आलेले असते. त्यामुळे लक्ष्य दिसताक्षणी नेम साधता येतो. गुडघे वाकलेलेच ठेवल्याने पुढच्या जागेकडे निघण्याची तयारीही तेथेच झालेली असते.

हे कौशल्य अंगी बाणण्यासाठी हातात शस्त्र घेण्याचीही गरज नसते. जमिनीवर दोन चौकोन आखून एकातून दुसऱ्यात जाण्याचा सराव प्रथम संथपणे करतात. हालचाल निर्दोष झाली, की मग वेग वाढवतात. स्पर्धेच्या दिवशी प्रत्येक फेरीपूर्वी मैदान पाहण्यासाठी थोडा अवधी दिला जातो. त्या वेळी स्पर्धक रिकाम्या हातांनी संपूर्ण वाट चालून पाहतात आणि कोठून कोणते लक्ष्य दिसते, हे मनात ठसवून घेतात. इशारा झाल्यानंतर विचार करायला सवड नसते.

म्हणूनच उत्तम स्पर्धकाला पाहताना तो फारशी धडपड करीत आहे, असे वाटतच नाही. घड्याळ मात्र त्याच्याच बाजूने साक्ष देते. घाई आणि वेग यांतील अंतर हेच आहे. घाई हातातील काम अपुरे सोडून पुढे धावते. वेग हातातील काम पूर्ण करता करता पुढच्या कामाची तयारी करतो. दिवसभर राबून रात्री पुस्तक उघडणाऱ्या विद्यार्थ्यालाही हे अंतर ओळखीचे वाटेल. त्याचाही वेळ वाचतो तो पाने भराभर उलटल्याने नव्हे, तर एक काम संपताना दुसऱ्याची सिद्धता ठेवल्याने.