ऑटोमॅटिक गाडीची ताकद डायनोवर कशी मोजतात?

किहीमहून पुण्याला परतताना बोरघाटाच्या चढावर ऑटोमॅटिक गाडी दमत असेल, तर तिची ताकद चेसिस डायनोवर मोजता येते. गाडी जागीच बांधून तिची चाके रोलरवर फिरवतात. पुण्याच्या एआरएआय (स्थापना १९६६) या संस्थेत मायलेज आणि धूरही रोलरवरच तपासतात.

अडचण अशी, की अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबताच ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आपणहून खालचा गिअर टाकतो आणि आलेख बिघडतो. म्हणून मॅन्युअल मोडमध्ये एकच गिअर धरतात, शक्यतो १:१ गुणोत्तराजवळचा. टॉर्क कन्व्हर्टर लॉक नसेल, तरीही आकडे फसवे येतात.

चाकांवरची ताकद माहितीपत्रकापेक्षा कमीच भरते, कारण तिथला आकडा इंजिनचा असतो. तेवढ्यावरून गिअरबॉक्स खोलू नका. त्याच डायनोवर तशाच दुसऱ्या गाडीशी तुलना करा.