ई-सिगारेट : वापर वाढला, समज मात्र उलट दिशेने

ब्रिटनमध्ये २०२४ या वर्षी ई-सिगारेट वापरणाऱ्यांची संख्या प्रथमच सिगारेट ओढणाऱ्यांपेक्षा अधिक असल्याचे आढळून आले. तेथील राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या आकडेवारीनुसार त्या वर्षी १६ वर्षे व त्याहून अधिक वयाच्या सुमारे ५४ लाख व्यक्ती दररोज अथवा अधूनमधून ई-सिगारेट वापरत होत्या, तर सिगारेट ओढणाऱ्यांची संख्या सुमारे ४९ लाख होती. ई-सिगारेटची वाफ ओढण्याच्या या सवयीला ‘वेपिंग’ असे म्हटले जाते.

वापर असा वाढत असताना वेपिंगविषयीचे लोकमत मात्र प्रतिकूल होत गेले. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या संशोधकांनी २०१४ ते २०२३ या काळात इंग्लंडमधील २८ हजारांहून अधिक प्रौढ धूम्रपान करणाऱ्यांची मते अभ्यासली. वेपिंग हे सिगारेटपेक्षा कमी घातक आहे, असे २०१४ च्या अखेरीस ४४ टक्के जणांना वाटत होते. जून २०२३ मध्ये हे प्रमाण २७ टक्क्यांवर आले. वेपिंग सिगारेटइतकेच किंवा त्याहून अधिक घातक आहे, असे मानणाऱ्यांचे प्रमाण तोपर्यंत ५७ टक्के झाले होते.

फरक ज्वलनाचा

हा समज शास्त्रीय पुराव्याशी जुळत नाही. सिगारेटमध्ये तंबाखू जळते. त्या धुरात हजारो रासायनिक द्रव्ये असतात व त्यांपैकी अनेक कर्करोगास कारणीभूत ठरतात. धुरातील टार फुप्फुसांत साचते, तर कार्बन मोनॉक्साइडमुळे रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता घटते. ई-सिगारेटमध्ये ज्वलन होत नाही. बॅटरीवर तापणारी तार निकोटीन, प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन व सुगंधी द्रव्ये यांच्या द्रावणाची वाफ करते. निकोटीनमुळे व्यसन जडते. परंतु धूम्रपानाने होणाऱ्या रोगांचे मुख्य कारण तंबाखूच्या धुरात आहे. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील तज्ज्ञांनी ब्रिटिश सरकारसाठी केलेल्या व २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात, अल्प व मध्यम मुदतीत वेपिंगचा धोका धूम्रपानाच्या धोक्याचा अल्पसा अंश असल्याचा निष्कर्ष काढण्यात आला.

तथापि, कमी घातक म्हणजे निर्धोक नव्हे. वाफेत घशाला व श्वासनलिकेला त्रासदायक द्रव्ये असतात, तसेच धातूंचे सूक्ष्म अंशही आढळतात. किशोरवयीन मुले निकोटीनच्या आहारी लवकर जातात. शिवाय ई-सिगारेट प्रत्यक्ष बाजारात येऊन जेमतेम दोन दशके झाली आहेत. त्यामुळे तीस-चाळीस वर्षांच्या वापराचे परिणाम सांगता येतील असा पुरावा अद्याप उपलब्ध होऊ शकलेला नाही.

गैरसमजाचे मूळ

लोकमतातील एक मोठा बदल २०१९ मध्ये दिसून आला. त्या वर्षी अमेरिकेत वेपिंगशी संबंधित फुप्फुसविकाराची साथ उद्भवली. फेब्रुवारी २०२० पर्यंत तेथे २,८०७ रुग्णांची नोंद झाली व ६८ जण दगावले. गांजातील टीएचसी हे अमली द्रव्य असलेल्या, प्रामुख्याने अवैध मार्गाने मिळवलेल्या द्रावणातील ‘व्हिटॅमिन ई ॲसिटेट’ या भेसळीशी या आजाराचा घनिष्ठ संबंध असल्याचे तपासात आढळले. जगभरच्या वाचकांच्या स्मरणात मात्र ‘वेपिंगचे बळी’ एवढेच राहिले.

पुढे २०२१ पासून ब्रिटनमध्ये एकदा वापरून फेकून देण्याची रंगीबेरंगी ई-सिगारेट किशोरवयीन मुलांमध्ये लोकप्रिय झाली. त्याविषयीची चिंता रास्त होती व १ जून २०२५ पासून अशा ई-सिगारेटच्या विक्रीवर बंदी घालण्यात आली. परंतु मुलांना सावध करणारा संदेश वर्षानुवर्षे सिगारेट ओढणाऱ्या प्रौढांच्याही कानी पडला. दोन्ही सारखेच वाईट, तर सिगारेट सोडून लाभ काय, असा अर्थ अनेकांनी त्यातून काढल्यास नवल नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते तंबाखूचे व्यसन न सोडणाऱ्यांपैकी निम्म्यापर्यंत लोकांचा मृत्यू त्या व्यसनामुळे ओढवतो. हे पाहता या गैरसमजाची किंमत किती मोठी आहे, हे ध्यानात येईल.

व्यसनमुक्तीचे साधन?

इंग्लंडमध्ये धूम्रपान सोडू इच्छिणाऱ्या ८८६ जणांवर झालेल्या व २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, ई-सिगारेट दिलेल्या गटातील १८ टक्के जण वर्षभरानंतरही सिगारेटपासून दूर होते. निकोटीनचे च्युइंग गम, पट्ट्या आदी दिलेल्या गटात हे प्रमाण ९.९ टक्के होते. मात्र ई-सिगारेटच्या साहाय्याने सिगारेट सोडलेल्यांपैकी ८० टक्के जण वर्षाअखेरीसही ई-सिगारेट वापरत होते. म्हणजेच धुरापासून सुटका झाली, तरी निकोटीनपासून झाली नव्हती.

याच कारणास्तव सर्व देशांचे धोरण एकसारखे नाही. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये मुलांच्या संरक्षणासाठी तातडीने पावले उचलण्याचे आवाहन केले. त्या वेळी ३४ देशांत ई-सिगारेटच्या विक्रीवर बंदी होती.

भारतातील स्थिती

भारतही अशा देशांपैकी एक आहे. सप्टेंबर २०१९ मधील अध्यादेश व त्यानंतर संसदेने संमत केलेल्या कायद्यानुसार ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, साठवण व जाहिरात यांना मनाई आहे. पहिल्या गुन्ह्यासाठी एक वर्षापर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षांची तरतूद आहे. त्यामुळे चोरट्या मार्गाने येथे येणाऱ्या मालातील घटक व निकोटीनचे प्रमाण यांवर कोणतेही नियंत्रण नसते. ब्रिटनमधील निष्कर्ष अशा मालाला लागू करता येणार नाहीत.

आपल्याकडील व्यसनाचे स्वरूपही निराळे आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार देशातील २८.६ टक्के प्रौढ, म्हणजे सुमारे २६ कोटी ७० लाख व्यक्ती, कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखूचे सेवन करीत होत्या. त्यांत धूरविरहित तंबाखूचे सेवन करणारे २१.४ टक्के, विडी ओढणारे ७.७ टक्के व सिगारेट ओढणारे ४ टक्के होते. खैनी, गुटखा वा मशेरीच्या आहारी गेलेल्यांना धूर व वाफ यांच्या तुलनेतून मार्ग सापडणार नाही.

ज्यांना कोणतेही व्यसन नाही, त्यांनी वेपिंग सुरू करू नये, याविषयी तज्ज्ञांत दुमत नाही. भारतात तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांना समुपदेशन, निकोटीनचे च्युइंग गम व डॉक्टरांच्या सल्ल्याने औषधे हे मार्ग उपलब्ध आहेत. यासाठी १८००-११२-३५६ या राष्ट्रीय तंबाखूमुक्ती दूरध्वनी सेवेवर निःशुल्क संपर्क साधता येतो.