मुद्दाम किनाऱ्याला टेकणारी ‘मगर’

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात नौदलाची बचाव पथके कोल्हापूर आणि शिरोळ परिसरात दाखल झाली, तेव्हा समुद्रापासून दूर असलेल्या या जिल्ह्याला नौदलाचे एक वेगळेच रूप दिसले. घराच्या उंबऱ्यापर्यंत जाऊ शकतील अशा त्या साध्या रबरी नौका होत्या. उथळ पाण्यात शिरायचे, माणसे चढवायची आणि न अडकता माघारी फिरायचे, एवढेच त्यांचे काम. ऐकायला सोपे वाटणाऱ्या याच कामाने दुसऱ्या महायुद्धात जहाजबांधणी तज्ज्ञांची झोप उडवली होती. कारण तेथे माणसांऐवजी रणगाडे होते.

जून १९४० मध्ये डंकर्कहून माघार घेताना ब्रिटिश सैन्याने आपली अवजड सामग्री फ्रान्समध्येच सोडली. पुन्हा युरोपात पाय ठेवायचा तर रणगाड्यांसह उतरावे लागणार होते आणि शत्रू आपली बंदरे वापरू देणार नव्हता. प्रारंभी व्हेनेझुएलातील माराकाइबो सरोवरात चालणारी कमी खोलीची तीन तेलवाहू जहाजे बदलून घेण्यात आली. त्यानंतर नोव्हेंबर १९४१ मध्ये अमेरिकी नौदलाचे जॉन नीडरमायर यांनी एक आराखडा काढला आणि त्यातून ‘लँडिंग शिप टँक’, म्हणजेच एलएसटी, हे रणगाडावाहू जहाज जन्माला आले.

त्यातील खरी अडचण अशी होती की, महासागर ओलांडायचा तर जहाज पाण्यात खोल बसले पाहिजे, अन्यथा ते लाटांवर हेलकावे खाते. किनाऱ्याला भिडायचे तर तेच जहाज जवळजवळ वर तरंगले पाहिजे. यावर उपाय निघाला तो तळाशी असलेल्या पाण्याच्या टाक्यांचा. प्रवासात टाक्या भरायच्या, किनारा जवळ आला की रित्या करायच्या. मग पुढील बाजू जेमतेम सव्वा मीटर पाण्यात राही, मागील बाजू सुमारे तीन मीटर. वाळूवर चढण्यापूर्वी पाठीमागे एक जड नांगर टाकला जाई. समोरचे दोन दरवाजे उघडत, उतरंड खाली येई आणि रणगाडे स्वतःच्या बळावर बाहेर पडत. परतताना तोच नांगर खेचून जहाज स्वतःला वाळूतून सोडवून घेई. कोणताही कप्तान ज्या प्रसंगाला भितो, तो येथे रोजचा सराव होता!

अमेरिकेत अशी हजाराहून अधिक जहाजे बांधली गेली, त्यांतील कित्येक इलिनॉय आणि इंडियाना येथील नद्यांच्या काठी, समुद्रापासून शेकडो मैल आत. वेग मात्र बेताचाच. म्हणून खलाशी एलएसटीचा अर्थ ‘मोठे, संथ लक्ष्य’ असा लावीत. पुढे ब्रिटनने वाफेच्या इंजिनांची तिसरी मालिका काढली. तिच्यातील ३०११ क्रमांकाचे, पुढे ‘ॲव्हेंजर’ म्हणून ओळखले गेलेले जहाज १९४९ मध्ये भारताकडे आले आणि त्याचे नाव झाले ‘मगर’. पाण्यातून जमिनीवर चढणाऱ्या जहाजाला याहून समर्पक नाव सुचले नसते. भारतीय नौदलाला हे तंत्र सर्वस्वी परके नव्हते. मुंबईतील मार्वे येथील ‘हमला’ हा तळ मूळ ‘हमलावर’ या नावाने उतराई-नौकांच्या प्रशिक्षणासाठीच युद्धकाळात उभा राहिला होता. १९६६ मध्ये सोव्हिएत संघाकडून घेतलेली ‘घडियाल’ (मराठीत सुसर) आणि ‘गुलदार’ ही अधिक छोटी जहाजे तिच्या जोडीला आली.

१९७१ च्या युद्धात ही तिन्ही जहाजे पूर्वेकडे होती. पाकिस्तानी सैनिक ब्रह्मदेशात निसटू नयेत म्हणून डिसेंबरच्या मध्यास कॉक्स बाजार येथे गुरखा जवान उतरवण्याचे ठरले. ते कोलकात्याहून ‘विश्व विजय’ या व्यापारी जहाजाने आले आणि भर समुद्रात ‘घडियाल’ व ‘गुलदार’वर चढले. किनाऱ्यालगत जहाज वाळूच्या एका बांधावर टेकले. परंतु बांधाच्या पलीकडे पाणी पुन्हा डोक्याहून खोल होते. पाठीवर सामग्री घेऊन उतरलेल्या जवानांपैकी काही बुडाले. उतराई थांबवावी लागली आणि उरलेल्यांना स्थानिक होड्यांनी किनाऱ्यावर नेण्यात आले. तेथे लढायला शत्रू नव्हताच.

या मोहिमेचे अपयश जवानांच्या धैर्याचे नव्हे, किनाऱ्याच्या अज्ञानाचे होते. नकाशावरील खोली आणि ओहोटीच्या वेळची वाळू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वाळूचे बांध प्रत्येक पावसाळ्यात सरकतात. म्हणूनच उतराईपूर्वी किनाऱ्याची प्रत्यक्ष पाहणी आवश्यक मानली जाते. घाईत आखलेल्या त्या मोहिमेत तेवढा अवधी मिळाला नाही.

जुन्या ‘मगर’चे नाव १९८७ मध्ये कोलकात्याच्या गार्डन रीच गोदीत बांधलेल्या, पाच हजार टनांहून मोठ्या स्वदेशी जहाजाला मिळाले. २००४ च्या त्सुनामीनंतर ते मदतकार्यात होते. करोनाच्या काळात, १२ मे २०२० रोजी, मालदीवमध्ये अडकलेल्या २०२ भारतीयांना घेऊन ते कोचीला पोहोचले. या खेपेला वाळूवर चढण्याची गरज पडली नाही. प्रवासी धक्क्यावरच उतरले. ६ मे २०२३ रोजी कोचीतच ही दुसरी ‘मगर’ ३६ वर्षांच्या सेवेनंतर निवृत्त झाली.