'प्रोक्लेम' या क्रियापदाचा अर्थ व उपयोग

विद्यार्थ्यांचे इंग्रजी निबंध तपासताना एक वाक्य आमच्या वारंवार दृष्टीस पडते : 'हेडमास्तरांनी उद्याची सुट्टी प्रोक्लेम केली.' कोशात 'जाहीर करणे' एवढाच अर्थ पाहून हा भारदस्त शब्द योजिलेला असतो. व्याकरणदृष्ट्या वाक्य निर्दोष आहे; तथापि इंग्रजी जाणणारास ते वाचून हसू येते. सुट्टीची साधी सूचना सांगण्याकरिता गिरगावच्या नाक्यावर दवंडी पिटावी, तसाच हा प्रकार होय.

लॅटिन भाषेत 'प्रो' म्हणजे पुढे व 'क्लामारे' म्हणजे ओरडणे. यावरून 'प्रोक्लेम' याचा मूळ अर्थ, पुढे होऊन सर्वांदेखत उच्च स्वराने सांगणे, असा होतो. याचे नाम 'प्रोक्लमेशन'. क्रियापदातील 'आय' हे अक्षर नामात गळते, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे.

याच्या भावंडांशी तुलना केली म्हणजे अर्थ अधिक उघड होतो. 'अनाउन्स' हा शब्द दूतवाचक लॅटिन शब्दापासून निघाला आहे. वार्ता पोचविणे एवढेच त्याचे काम. परीक्षेचा निकाल, दादर स्टेशनात येणारी गाडी, शाळेची सुट्टी, या गोष्टी 'अनाउन्स' होतात. 'डिक्लेअर' म्हणजे आपले मत वा निश्चय संदिग्धता न ठेवता स्पष्ट करणे. परळच्या चाळीत कित्येक वर्षे राहिलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९३५ साली येवले येथे, आपण हिंदू म्हणून मरणार नाही, असे सांगितले, ते 'डिक्लेअर' करणे होय. 'प्रॉमल्गेट' हा कायद्याच्या भाषेतील शब्द. मराठी अध्यादेशांत त्यास 'प्रख्यापित करणे' म्हणतात.

'प्रोक्लेम' या शब्दास मात्र दोन गोष्टी लागतात : सांगणाराचा अधिकार आणि विषयाचे सार्वजनिक महत्त्व. राजाचे राज्यारोहण, युद्ध, तह यांस तो शोभतो. आपल्या राज्यघटनेच्या ३५२ व्या अनुच्छेदात आणीबाणीसंबंधी याचेच नाम योजिले असून मराठीत त्यास 'उद्घोषणा' असा प्रतिशब्द आहे. 'डांगोरा पिटणे' हा प्रयोग येथे चालणार नाही. कारण त्यात दुसऱ्याचे गुपित फोडण्याची किंवा स्वतःची बढाई मारण्याची छटा येते.

या शब्दाचे उत्तम उदाहरण आपल्याच शहरात घडले. ता. १ नोव्हेंबर १८५८ रोजी मुंबईच्या टाऊन हॉलच्या पायऱ्यांवरून व्हिक्टोरिया राणीचा जाहीरनामा वाचण्यात आला. कंपनीचे राज्य संपून राणीचे सुरू झाल्याचे त्याने 'प्रोक्लेम' केले. शिक्षण, योग्यता व सचोटी असलेल्या प्रजाजनांस वंश वा धर्म न पाहता सरकारी नोकरीत घेण्यात येईल, असेही अभिवचन त्यात होते.

पुढे काय झाले ? वरिष्ठ मुलकी नोकरीची परीक्षा लंडनलाच होत राहिली. सागरापार जाण्याचा खर्च किती घरांस झेपणार ? तेव्हा एल्फिन्स्टनमध्ये अध्यापक झालेल्या दादाभाई नौरोजींनी तोच जाहीरनामा पुढे करून सरकारला त्याच्या शब्दाची आठवण पुनःपुन्हा दिली. ही परीक्षा हिंदुस्थानातही घेण्यास अखेर १९२२ साली प्रारंभ झाला. जाहीरनामा वाचला गेल्यास तोवर ६४ वर्षे लोटली होती.

यावरून या क्रियापदाचे खरे मर्म कळते. कानात सांगितलेला शब्द नाकारता येतो. चारचौघांत उच्च स्वराने उच्चारलेला शब्द ऐकणारांच्या मालकीचा होतो, आणि दुर्बलासही त्याच्या बळावर जाब विचारता येतो. वर सांगितलेला येवल्याचा निश्चय बाबासाहेबांनी २१ वर्षांनी, १९५६ साली, नागपूर येथे बौद्ध धर्माची दीक्षा घेऊन खरा केला. जाहीर शब्दाची किंमत बोलणारासच द्यावी लागते, ती अशी.

म्हणून सुट्टी, सहल व क्रिकेटचा सामना यांकरिता 'अनाउन्स' पुरे. 'प्रोक्लेम' लिहिण्यापूर्वी विद्यार्थ्यांनी स्वतःस विचारावे : हे कोण सांगत आहे, कोणत्या अधिकाराने, आणि उद्या या शब्दाबद्दल त्यास कोणी जाब विचारील काय ? पालकांनीही घरी मुलांस एखादे अभिवचन सर्वांदेखत देताना हाच प्रश्न मनाशी केल्यास, हा इंग्रजी शब्द आपण मराठीतही नीट शिकलो, असे आम्ही समजू.