ज्योतीतल्या पोटॅशपासून उसातल्या बिबट्यापर्यंत

डाळ उतू गेली की गॅसची निळी ज्योत क्षणभर पिवळीधमक होते. हा प्रताप डाळीतल्या मिठाचा, म्हणजे मिठातल्या सोडियमचा. स्वयंपाकघरात आपण चडफडत गॅस बारीक करतो. माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत मात्र अशाच ज्योतीकडे टक लावून बसलेलं एक यंत्र असतं.

राहुरीत महात्मा फुले कृषी विद्यापीठ 1968 साली उभं राहिलं, आणि माती तपासून खताची मात्रा ठरवण्याचं काम तिथे वर्षानुवर्षं चालू आहे. शेतकऱ्याच्या हातात पडणाऱ्या अहवालात नत्र, स्फुरद, पालाश असे आकडे असतात. त्यातला पालाशचा आकडा येतो कुठून? वाळवून चाळलेली माती अमोनियम अ‍ॅसिटेटच्या द्रावणात हलवतात आणि गाळून घेतात. यंत्राची बारीक नळी त्या गाळलेल्या पाण्यात बुडवली की ते फवाऱ्यासारखं ज्योतीत ओढलं जातं. पालाश म्हणजे पोटॅशियम. त्याचा रंग फिक्कट जांभळा, आपल्याला धड दिसतही नाही. यंत्र त्यातला नेमका 766 नॅनोमीटरच्या आसपासचा लाल प्रकाश तेवढा वेगळा काढतं आणि मोजतं. सोडियमचा पिवळा असतो 589चा. कालव्याखालच्या जमिनी चोपण होण्याचं दुखणं अहिल्यानगर जिल्ह्याला जुनंच आहे, आणि चोपण जमीन म्हणजे मातीच्या कणांना सोडियम नको तितकं चिकटलेली जमीन. उतू गेलेल्या डाळीचा पिवळा आणि चोपण जमिनीच्या अहवालामागचा पिवळा अगदी एकच.

एकच का, हे नील्स बोरने 1913 साली मांडलं. अणूतल्या इलेक्ट्रॉनला वाटेल तेवढी ऊर्जा बाळगता येत नाही. त्याच्या ऊर्जेच्या पायऱ्या ठरलेल्या असतात आणि दोन पायऱ्यांच्या मध्ये उभं राहायला जागाच नसते. ज्योतीच्या उष्णतेने सोडियमचा बाहेरचा इलेक्ट्रॉन एक पायरी वर फेकला जातो, सेकंदाच्या सुमारे सहा कोटीव्या भागात खाली येतो आणि मधला फरक प्रकाश म्हणून टाकून देतो. पायऱ्यांची उंची प्रत्येक मूलद्रव्याची वेगळी, म्हणून रंगही वेगळा. जस्तासाठी ही तपासणी उलट्या बाजूने करतात: जस्ताच्याच दिव्याचा प्रकाश ज्योतीतून सोडायचा आणि ज्योतीतल्या जस्ताने त्यातला किती गिळला ते पाहायचं. ऑस्ट्रेलियाच्या अ‍ॅलन वॉल्शने 1955मध्ये ही पद्धत जगापुढे ठेवली. अहवालात जस्त दशलक्ष भागांत 0.6 भागाच्या खाली आलं की ‘कमी’ असा शेरा पडतो आणि पुढे झिंक सल्फेटची पिशवी येते.

आता प्रयोगशाळेबाहेरच्या उसाकडे वळू. पान दिवसभर नेमकं हेच प्रकाश गिळण्याचं काम करत असतं, फक्त तिथे अणूऐवजी हरितद्रव्याचा रेणू असतो. मधोमध मॅग्नेशियमचा एक अणू बसवलेला हा रेणू निळा आणि लाल प्रकाश गिळतो. हिरव्याला फारसा हात लावत नाही, म्हणून शेत हिरवं दिसतं. गिळलेल्या प्रकाशाने इलेक्ट्रॉन वरच्या पायरीवर जातो. घरी पाहायचं तर पालकाची पानं कुस्करून स्पिरिटमध्ये भिजवा, गाळा, आणि तो हिरवा रस अंधारात नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याखाली धरा. रस लालभडक दिसतो. इलेक्ट्रॉन वर गेला, पण त्याला पुढे झेलणारं कुणी उरलं नाही, म्हणून बापडा लाल प्रकाश सांडत खाली आला.

जिवंत पानात ही लाली जेमतेम एक-दोन टक्के. तिथे वर गेलेला इलेक्ट्रॉन खाली यायच्या आत शेजारचा रेणू त्याला झेलतो आणि पुढे देतो. रिकामी झालेली जागा पान पाण्यातून भरून काढतं. त्यात पाणी फुटतं आणि ऑक्सिजन सुटतो. झेललेला इलेक्ट्रॉन शेवटी साखरेत जमा होतो. ऊस यात पटाईत आहे. कार्बन डायऑक्साइड आधी चार कार्बनच्या आम्लात बांधून घ्यायची त्याची युक्ती हवाईतल्या संशोधकांनी 1965मध्ये उसातच दाखवली आणि पुढच्याच वर्षी हॅच व स्लॅक या शास्त्रज्ञांनी तिची उकल केली. ज्वारी, बाजरी, मका याच घराण्यातले. गहू आणि हरभरा नाहीत.

एवढं करून पदरात किती पडतं? ढोबळ हिशेब विजेच्या युनिटांत मांडतो, कारण ते बिलामुळे सगळ्यांना कळतात. आपल्याकडे एका एकरावर सरासरी दिवसाला वीस-एकवीस हजार युनिट ऊन पडतं. म्हणजे वर्षाला 75 लाखांच्या आसपास. सुरू हंगामातल्या उसाचं एकरी 40 टन उत्पादन धरलं, वाढे आणि पाचटही जमेस घेतलं, तर त्या सगळ्यात 75-80 हजार युनिट साठतात. शंभरात एक. त्यातून साखर निघाली 44 क्विंटल, तर तिच्यात सुमारे 20 हजार युनिट. वर्षभराच्या साखरेत जेवढी ऊर्जा उतरली, तेवढं ऊन त्या एकरावर एका दिवसात पडून जातं!

पुढची पायरी गोठ्यात. उसाचे वाढे गव्हाणीत जातात. विद्यापीठाने होल्स्टीन, जर्सी आणि गीर यांच्या संकरातून ‘फुले त्रिवेणी’ ही गाय तयार केली, ती याच दुधाच्या पट्ट्यात. संकरित गाय दिवसाला 12 किलो सुका चारा-खुराक खाते असं धरलं तर पोटात गेले 60 युनिट. 12 लिटर दुधातून बाहेर आले 10. वीसेक युनिट शेणात जातात (गोबरगॅसवाले त्यातलेच थोडे परत मिळवतात), साडेतीन मिथेनच्या ढेकरांत, थोडे मुतात आणि उरलेले गाईच्या अंगाची ऊब होऊन जातात. ही ऊब म्हणजे खरं तर पानात वर चढवलेल्या इलेक्ट्रॉनचीच ऊर्जा. गाईच्या पेशीत तो इलेक्ट्रॉन पायरी-पायरीने खाली उतरतो आणि शेवटी ऑक्सिजनला मिळून पुन्हा पाणी होतो. निघाला पाण्यातून आणि परतला पाण्यात. मधल्या उतरणीवर सगळ्यांची पोटं भरतात.

अन्नसाखळीत एका पायरीवरून दुसरीवर ऊर्जेचा साधारण दहावा हिस्सा पोचतो, असं शाळेत शिकवतात. हा धडा रेमंड लिंडमन या अमेरिकन तरुणाच्या कामातून आला. मिनेसोटातल्या एका तळ्याचा ऊर्जेचा जमाखर्च मांडणारा त्याचा निबंध परीक्षकांनी आधी नाकारला, तो 1942मध्ये छापून आला आणि त्याआधीच लिंडमन सत्ताविसाव्या वर्षी वारला. दहा टक्के हा मात्र अंदाज आहे, सोडियमच्या 589सारखा पक्का आकडा नव्हे. कुठे पाच, कुठे वीस. शिवाय कोण कुठल्या पायरीवर, हेच इथे धड ठरत नाही.

बिबट्याचंच बघा. राहुरी तालुक्यात उसात बिबट्या दिसल्याची बातमी आता कुणाला नवी वाटत नाही. ऊस त्याला आडोसा देतो, जेवण नाही. मांसाहारी प्राण्यांच्या अभ्यासात एक ढोबळ प्रमाण सापडलंय: दहा हजार किलो भक्ष्य वावरत असेल तेव्हा नव्वद किलोभर शिकारी टिकतो. म्हणजे पन्नास किलोच्या एका बिबट्यामागे साडेपाच टन जनावरं. हरणं नसलेल्या ऊसपट्ट्यात ती कुठली? वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी याच अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले भागात कॅमेरे लावून आणि विष्ठा तपासून हे शोधलं. शंभर चौरस किलोमीटरला जवळपास पाच प्रौढ बिबटे निघाले. त्यांच्या आहारात वजनाने 87 टक्के पाळीव किंवा गावातली जनावरं, आणि एकट्या कुत्र्यांचा वाटा 39 टक्के. आता गावातलं कुत्रं कुठल्या पायरीवरचं म्हणायचं? सकाळी शिळी भाकरी खाल्ली तेव्हा ते शाकाहारी, संध्याकाळी कोंबडीच्या दुकानामागे उभं राहिलं की मांसाहारी.

शेजारच्या पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर भागात 2001पासून बिबटे पकडून दूर सोडण्याची मोहीम चालली. माणसांवरचे हल्ले आधी वर्षाला सरासरी 4 होते, ते पुढच्या काही वर्षांत 17वर गेले. अनोळखी मुलखात सोडलेलं बिथरलेलं जनावर हे त्याचं मोठं कारण. आणि जिथून बिबट्या उचलला, तिथली कुत्री, शेळ्या, उकिरडे आणि ऊस जागच्या जागीच असतात, त्यामुळे थोड्या दिवसांत तिथे दुसरा येतो.