कुंपण घालण्याआधी

“कुंपण घालताय? कुणाशी भांडण झालं वाटतं?” सिमेंटचे खांब ठरवायला गेले, तर दुकानदाराने पहिला प्रश्न हाच विचारला. मी हसून वेळ मारून नेली. पण खरं सांगायचं तर मैत्रिणींनो, त्याचा अंदाज अगदीच चुकला नव्हता.

मी कराडला राहते. माहेर तिथून तासाभराच्या अंतरावर. 2018 साली आबांनी हयातीतच वाटणी करून तीस गुंठे बागायत माझ्या नावावर केली. शेजारची जमीन धाकट्या भावाची. विहीर त्याच्या हद्दीत, पण पाण्यात निम्मा हिस्सा माझा. तशी नोंद सातबाऱ्यावर ‘इतर अधिकार’ या रकान्यात आहे. आबा होते तोवर कुठून कुठवर कुणाचं, हे कुणी विचारलंच नाही. ते गेले आणि माझ्या डोक्यात किडा वळवळू लागला. दरवर्षी बांध माझ्या बाजूला सरकतोय, भाऊ बांध कोरतोय, असं वाटायला लागलं. बोलले मात्र कधीच नाही. माहेर तुटायची भीती!

2023 च्या पावसाळ्यात माझ्या भुईमुगात रानडुकरं शिरली. एका रात्रीत निम्मं रान उकरून ठेवलं. आमचे हे म्हणाले, “आता कुंपण घालूनच टाक.” मी मनात म्हटलं, बरं झालं, या निमित्ताने मोजणीही होईल.

इथेच माझं चुकलं. भूमी अभिलेख कार्यालयात ‘हद्द कायम’ मोजणीचा अर्ज केला, फी भरली, पण भावाला एका शब्दाने सांगितलं नाही. मोजणीची नोटीस लगतच्या खातेदारांना जातेच. ती थेट त्याच्या हातात पडली. त्याचा फोन आला नाही. भाऊबीजेला आला, ओवाळून घेतलं, ताटात पाकीट ठेवलं आणि चहा न घेताच गेला. त्या रात्री मला झोप लागली नाही.

जानेवारीत रान मोकळं असताना मोजणी झाली. (उभ्या पिकात मोजणी अवघड जाते, म्हणून अर्ज आधीच करावा.) भूकरमापकाने यंत्र लावलं, नकाशा पाहून खुणा करून दिल्या. बांध सरकला होता खरा, पण त्याच्या बाजूला! माझं रान वाट्याने करणाऱ्याने ट्रॅक्टर घालता घालता चार फूट पुढे नेलं होतं. बांधावरचा आबांनी लावलेला रायवळ आंबा, ज्याच्या पाट्या मी हक्काने घरी न्यायची, तोही भावाच्याच हद्दीत निघाला.

मला तोंड वर करवेना. भाऊ खुणेचा दगड पायाने दाबत म्हणाला, “आक्का, आधी सांगितलं असतंस, तर मीच टेप धरायला आलो असतो की.”

एवढंच बोलला. पण ते आजही आठवतं.

कुंपण घालायचं मात्र होतंच, डुकरं काही थांबणार नव्हती. मग कागद घेऊन बसले. तीस गुंठे म्हटलं की आकडा कळतो, आकार कळत नाही. गुंठा म्हणजे 33 फूट लांब, 33 फूट रुंद. माझा पट्टा 99 फूट रुंद आणि 330 फूट लांब. चारी बाजू मिळून 858 फूट. तेवढीच जमीन चौरस असती तर 725 फुटांच्या आत भागलं असतं. म्हणून दुसरीच्या खर्चावरून आपला अंदाज बांधू नका. दहा फुटांवर एक असे 86 खांब. शिवाय कोपऱ्यांना आणि फाटकाला तिरके टेकू, दोन-चार उतरवताना मोडतात ते वेगळे. मी शंभर घेतले. काटेरी तारेच्या पाच ओळी, म्हणजे जवळजवळ 1300 मीटर तार. तार मिळते किलोवर, तेव्हा एका किलोत किती मीटर बसते ते विचारून घ्या. आणि गेजचा आकडा जितका लहान, तितकी तार जाड, हेही लक्षात ठेवा.

आमची काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. नुसते पुरलेले खांब पहिल्याच पावसाळ्यात माना टाकतात. सात फुटी खांब दोन फूट खोल गाडले, खड्ड्यात दगड आणि काँक्रीट भरलं. तार बाहेरच्या अंगाने लावली, म्हणजे जनावराने रेटा दिला तरी ती खांबावरच दाबली जाते. कुणीतरी सल्ला दिला, “रात्री तारेत घरचा करंट सोडा.” असलं चुकूनही करू नका. त्याने माणसं मेली आहेत आणि तो गुन्हाही आहे. सौर कुंपणाचा झटका वेगळा. तो यंत्रातून क्षणभरच येतो. मी तारेच्या पायथ्याशी करवंद लावलं. करवंदाचं बी ताजंच पेरावं लागतं, वाळवून ठेवलं की उगवत नाही. काटेरी जाळी दाट व्हायला काही वर्षं लागतील, पण पुढे तीच डुकराला अडवील.

भावाच्या बाजूला खांब रोवायच्या आदल्या दिवशी मी त्याच्या घरी गेले. म्हटलं, “उद्या रेषेवर काम आहे, तू उभा राहा.” तो काही बोलण्याआधी भावजयच म्हणाली, “वन्सं, विहिरीकडे जायला कवाड कुठं ठेवणार?” खरंच की! पाण्यासाठी मला त्या बाजूला रोज जावं लागणार आणि मी तर सरळ तार ओढायला निघाले होते.

कवाड आंब्यासमोर ठेवलं. कुलपाच्या दोन किल्ल्या केल्या, एक त्याच्याकडे, एक माझ्याकडे. चार फूट जमीन त्याच्याकडे परत गेली. गेल्या मे महिन्यात भावजयीने आंब्याची पाटी कवाडातून आत ठेवली. आता ती हक्काची नव्हती, दिलेली होती. मी ती डोक्यावर घेऊन आले.

मैत्रिणींनो, जमीन आपल्या नावावर असेल तर ती मोजून घ्या, संकोच करू नका. मनातल्या संशयापेक्षा मोजलेली रेषा बरी. फक्त नोटीस पोहोचण्याआधी आपण पोहोचा.